आपलं ठरलंय तसं

ज्याने पहिल्यांदा 'का?' असं विचारलं, त्या माणसाला धरून आणून सुरतेजवळच्या आमच्या पलसाण्याच्या कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरशेजारच्या खोलीत बसवलं पाहिजे. मी बसतोच आहे. दारावर 'अरविंद सबनीस, ई.डी.पी. मॅनेजर' अशी पाटी आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरसाठी घेतलेला आहे, माझ्यासाठी नाही, ही गोष्ट आमचे किशोरभाई शेठ आल्यागेल्या पाहुण्याला न चुकता सांगतात. मी आपला त्याच्या वाऱ्याचा आश्रित.

तर या खोलीत एका सकाळी देसाईसाहेब आले. शेठना माल परदेशी पाठवायचा होता, परदेशातल्या पार्टीला आयएसओचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते मिळवून द्यायचं काम या देसाईसाहेबांकडे होतं. वलसाडकडचे गृहस्थ. आवाज मऊ, सफारीला कडक इस्त्री, मराठी समजायचं आणि थोडंफार बोलायचेही. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

त्यांनी तीन रकान्यांचा एक कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला. आपला प्रोग्राम जे जे करतो त्यातला एकेक निर्णय पहिल्या रकान्यात लिहायचा. दुसऱ्यात त्याचं कारण. आणि तिसऱ्यात, हे कारण अजून लागू आहे का, होय किंवा नाही. तिसरा रकाना वाचून मला हसू आलं. म्हटलं, साहेब, हा प्रश्न घरोघरी विचारत फिरलात तर सुरतेतली अर्धी लग्नं मोडतील. ते हसले नाहीत. सावकाश भरा, म्हणाले, पण भरा.

पहिला रकाना मी जेवायच्या सुट्टीआधी भरला. दुसऱ्यापाशी घोडं अडलं.

हा प्रोग्राम काय आहे ते सांगतो. व्यापाऱ्यांचं कोरं कापड आमच्याकडे येतं, आम्ही ते रंगवून, छापून परत पाठवतो. कुणाचं किती आलं, कुठल्या यंत्रावर आहे, धुण्यात किती आटलं, कधी गेलं, हे सगळं तो प्रोग्राम सांभाळतो. आलेल्या प्रत्येक लॉटला एक नंबर मिळतो. का कोण जाणे, त्या नंबराच्या शेवटी शून्य कधीच येत नाही. नवानंतर थेट एक. चलान छापताना प्रिंटर प्रत्येक ओळीनंतर दम खायला थांबतो. आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजले की प्रोग्राम बंद होतो. बंद म्हणजे बंद. पडद्यावर 'आता सोमवारी' एवढं येतं, आणि मग खुद्द शेठ येऊन उभे राहिले तरी तो दाद देत नाही.

प्रोग्राम लिहिताना ओळींच्या मध्ये टिपा लिहायची सोय असते. यंत्र त्या वाचत नाही. पुढच्या माणसाला कळावं म्हणून त्या लिहायच्या. आमच्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे असलं काही चमत्कारिक आहे, तिथे तिथे इंग्रजी अक्षरांत एकच मराठी टीप आहे : आपलं ठरलंय तसं. शून्यापाशी, आपलं ठरलंय तसं. प्रिंटरपाशी, आपलं ठरलंय तसं. शनिवारपाशीही तेच. देसाईसाहेबांनी पेन्सिलीने खुणा करत सगळ्या टिपा वाचल्या आणि गंभीरपणे म्हणाले की हे जे 'आपलं ठरलंय' आहे, त्याची एक प्रत फाइलला लावा. मी म्हटलं, त्याची प्रत नाही. ते म्हणाले, मग मूळ कुठे आहे?

मूळ न्यू जर्सीत आहे, हे काही मला सांगवलं नाही.

केदार मोहोळकर. सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि दर सोमवारी आमच्याकडे पलसाण्याला यायचा. हा प्रोग्राम आम्ही दोघांनी मिळून केला, म्हणजे त्याने लिहिला आणि मी त्याच्याशी भांडलो. बॉयलरच्या आवाजात धड भांडताही यायचं नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी तो सुरतेत पर्वत पाटियाला आमच्या घरी यायचा आणि आम्ही गॅलरीतल्या हिंचक्यावर बसायचो. आपल्याकडे झोपाळा, इथे हिंचको. पितळी कड्या, सागवानी पाट, आधीचा मालक घराबरोबर सोडून गेलेला. तो कुरकुरायचा. त्या कुरकुरीत मी काहीतरी म्हणायचो, केदार म्हणायचा "का?", मी कारण द्यायचो, तो ते खोडायचा, माझी बायको अरुणा मध्येच खमणासारख्या मऊ सुरती लोचोच्या बश्या आणून ठेवायची, आणि अंधार पडेपर्यंत एखादी गोष्ट ठरायची. लिहून कोण ठेवतंय? दोघांनाही माहीतच होतं की. सोमवारी तो ते प्रोग्राममध्ये घालायचा, वर 'आपलं ठरलंय तसं' लिहायचा आणि मोकळा व्हायचा. आपण दोघं जन्मभर इथेच असणार, हे मात्र आम्ही कधी ठरवलं नव्हतं. ते धरूनच चाललो होतो.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी केदार अमेरिकेला गेला. आधी लांबलचक पत्रं आली, मग आखूड, मग दिवाळीला छापील कार्ड आणि खाली 'केदार–केतकी' एवढी सही. केतकी म्हणजे त्याची बायको. तिकडेच लग्न झालं, आम्हाला फोटो आला. ते छापील कार्ड हातात पडलं त्या दिवशी मी कानाला खडा लावला की आता आपण होऊन लिहायचं नाही, आणि फोन तर नाहीच नाही. त्याने करावा. हे ऐकून तुम्हाला वाटेल मी रागावलो होतो. राग कसला हो, मला तो माणूस हवा होता. शनिवारी पाच वाजता प्रोग्राम बंद व्हायचा, कंपनीची गाडी मला पर्वत पाटियाला उतरवायची, आणि तिथून घरापर्यंतचा रस्ता मला खायला उठायचा.

शेठनी निकाल देऊन टाकला. दिवाळीआधी तपासणी होणार, तोवर कारणांचा रकाना भरला तर ठीक, नाही तर हा प्रोग्राम काढून मुंबईचं तयार पॅकेज बसवायचं. माझ्या नोकरीला धक्का नव्हता, पॅकेजही मलाच चालवायचं होतं. पण केदार एकदा गेलाच होता, आणि त्याचं जे काही माझ्याजवळ उरलं होतं ते त्या यंत्रात होतं. रोज सकाळी ते चालू केलं की त्याच्या खोड्या, त्याचे हट्ट माझ्यासमोर यायचे. ते पुसून त्या जागी मुंबईच्या कुणा परक्या माणसाचं काहीतरी येणार, या विचाराने माझा डबा तसाच घरी परत येऊ लागला.

सबनीससाहेब कारणं शोधतायत ही बातमी मिलमध्ये फुटली आणि कारणांचा पूर आला. फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर हिलाल, पारोळ्याकडचा, मनाने फार मोठा, तो तर रोज नवं कारण घेऊन यायचा. शनिवारचं त्याला उभ्या उभ्या सापडलं. "शनवार मारुतीना. मशीनले बी उपास ऱ्हास ना, साहेब." शून्याबद्दल त्याचं म्हणणं, ते अपशकुनी, व्यापाऱ्याच्या धंद्याचं शून्य होतं. रंगखात्याने कळवलं की शून्य गाळल्याने शाई वाचते. शेठना शनिवारचं विचारलं तर त्यांना माझीच कीव आली. मशीन आठवडाभर तापतं, त्याला थंड व्हायला वेळ लागतो, हे केदारभाईंनी त्यांना स्वतः समजावलं होतं, आणि म्हणून तर ते शनिवारी निघताना मॉनिटरवर जास्वंदीचं फूल ठेवत. एवढी वर्षं ते फूल मी सोमवारी काढत होतो आणि मला वाटत होतं की ते माझ्याबद्दलच्या आदरापोटी असेल.

मी ही सगळी कारणं इमानेइतबारे तक्त्यात उतरवली. देसाईसाहेबांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. एका निर्णयाला तीन कारणं आणि त्यातलं एक मारुतीचं, हे परदेशी तपासनिसाला समजावायचं कुणी, एवढंच त्यांनी विचारलं. त्या मऊ आवाजाने माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या ओरडण्याने झोंबल्या नसत्या.

आता तुम्ही म्हणाल, भांडत होतात ना तुम्ही, मग तुम्हाला कसं आठवत नाही? हाच प्रश्न अरुणाने गवार मोडता मोडता विचारला. डोक्याला कितीही ताण दिला तरी मला हिंचक्याची कुरकुर आठवायची, लोचोवरची शेव आठवायची, केदारचा अनवाणी पाय फरशीला रेटा देताना आठवायचा. शब्द तेवढे येत नव्हते. एका संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मी नकळत पुढेमागे डोलू लागलो, आणि 'शून्य' आणि 'डाग' असे दोन शब्द कुठूनसे आले. तेवढ्यात खुर्चीचा पाय निखळला आणि मी जमिनीवर आलो. पण मला कळायचं ते कळलं होतं. ते सगळं हिंचक्यावर बसल्याशिवाय यायचं नव्हतं.

आणि हिंचकाच नव्हता. केदार गेल्यावर थोड्याच महिन्यांत सोसायटीने ठराव करून तो उतरवायला लावला होता.

शेजारचे छोटुभाई हिऱ्याच्या धंद्यातले, अडल्यानडल्याला धावून येणारे. म्हणाले, एमां शूं, त्यात काय, माझ्या हिंचक्यावर बसा. बसलो. पण त्यांचा हिंचका नवा, बेअरिंगवाला, आवाज म्हणून नाही. शिवाय छोटुभाई शेजारी बसून हिऱ्याच्या पैलूंविषयी बोलत राहिले, त्यांच्या बायकोने गरम खमण आणलं, मग त्यांची आई आली आणि मला सरकायला लावून तीही बसली. मी डोळे मिटून केदारचा विचार करत होतो तर म्हातारीने सुनेला हळूच विचारलं की ह्याला झीट आली का. दोन बश्या खमण आणि जडावलेलं पोट घेऊन मी परतलो. शून्याचं कारण जिथे होतं तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी छोटुभाईंनी स्कूटर स्टँडवर लावून तीवर बसून डोलण्याची सूचना केली, तिकडे मी दुर्लक्ष केलं.

राहता राहिलं आपला हिंचका परत टांगणं. त्यासाठी सोसायटीची परवानगी हवी आणि सोसायटी म्हणजे मालतीबाई. आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. पालिकेच्या मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि अजूनही समोरच्याला पाचवीच्या वर्गातला समजून बोलणाऱ्या. त्यांनी ठराव काढून दाखवला : गॅलरीतील हिंचका काढावा असे सर्वानुमते ठरले. बस्स. मी म्हटलं, बाई, कारण? त्या म्हणाल्या, कारण नोंदलेलं नाही. मग परवानगी कशी मिळेल? तर ज्या कारणासाठी काढला ते कारण दूर झालं आहे, असा अर्ज करा. पण कारण काय होतं? ते नोंदलेलं नाही. तुम्हाला आठवत असेल ना, मी विचारलं. "मी आठवणीवर कारभार करत नाही, सबनीस," त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, खिडकीबाहेर पाहू लागल्या.

आयएसओवाल्यांनी छळलं म्हणून घरी आलो तर इथेही तेच. आगीतून फुफाट्यात. मी रात्र खर्चून एक अर्ज लिहिला. त्यात जगातली सगळी संभाव्य कारणं दूर झाल्याचं प्रतिज्ञेवर लिहिलं : छताचा गिलावा पडत नाही, कुणाच्या झोपेत व्यत्यय येत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांना धक्का लागत नाही, भूकंपाचा धोका नाही. मालतीबाईंनी तो लाल शाईने तपासून परत पाठवला. शेरा होता, 'मुद्द्याला सोडून आहे'.

त्या संध्याकाळी मी घरात येरझारा घालत मालतीबाईंच्या नावाने शंख केला. ही बाई खालून आवाज सहन होत नाही म्हणून हिंचका काढायला लावते आणि वर साळसूदपणे कारण नोंदलेलं नाही म्हणते, वगैरे. अरुणा बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांना काही बोलू नका. मी सांगितलं होतं त्यांना."

मी येरझारा थांबवल्या.

"केदारभाऊजी गेल्यावर तुम्ही दर शनिवारी येऊन त्यावर बसायचात. मधोमध नाही, एका कडेला. दुसरी बाजू रिकामी ठेवून. तिरका व्हायचा तो हिंचका. मला बघवत नव्हतं ते."

"मग मला सांगायचंस."

"तुम्ही कारण विचारलं असतंत," ती म्हणाली.

ती उठली, स्टुलावर चढली, माळ्यावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक जड बोचकं तिने माझ्या हातात दिलं. पितळी कड्या. एकही विकली नव्हती. पाट तर इतकी वर्षं माझ्या डोळ्यांदेखत इस्त्रीचं टेबल होऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः खाली गेली. मालतीबाईंनी तिला विचारलं म्हणे, की कारण दूर झालं का? अरुणा म्हणाली, नाही झालं, पण लावू दे त्यांना. मालतीबाईंनी वहीत लिहिलं : हरकत नाही.

टांगायला हिलाल रविवारी लिंबायतहून मिलचा एक फिटर घेऊन आला. दोघांनी जीव लावून काम केलं, आणि जीव लावून केलेल्या कामाचा जो घोटाळा व्हायचा तो झालाच. मी नको नको म्हणेपर्यंत फिटरने छताच्या कड्यांना मिलचं ग्रीस चोपडलं, तेही रंगाच्या यंत्राला लावतात ते उंची. हिंचका लोण्यासारखा हलू लागला. चिडीचूप. हिलाल अभिमानाने म्हणाला की आता हा शंभर वर्षं आवाज करायचा नाही. मी खाली बसलो.

पुढचे दोन दिवस मी आणि अरुणा रॉकेलच्या चिंध्यांनी ग्रीस पुसत होतो. लोक हिंचक्याला तेल घालतात. तेल काढून टाकून तो कुरकुरावा म्हणून स्टुलावर चढलेला गृहस्थ पर्वत पाटियाने आधी पाहिला नसावा. छोटुभाई त्यांच्या गॅलरीतून, बघण्यासारखं काही चाललंय म्हणून, चहाचा कप घेऊन उभे राहत. त्यांच्या आईने मला कुणाची तरी दृष्ट लागलीय असं ठरवून लिंबू-मिरची पाठवली. मी कपाळाला हात लावला आणि अरुणाने ती मुकाट्याने छताच्या कडीला बांधली. आणि तिसऱ्या दिवशी, काय झालं कुणास ठाऊक, रॉकेल सुकलं असेल, पण हिंचका कुरकुरला. मला एकदम रडूच आलं. डोळ्यांत रॉकेल गेलं असं मी म्हटलं, आणि अरुणाने ते ऐकून घेतलं.

मग ती केदारच्या जागी बसली. तिने फक्त "का?" म्हणायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, नंबराच्या शेवटी शून्य नको. ती म्हणाली, का? आणि आलं की बाहेर सगळं! फोल्डिंगवाले कापडाच्या टोकाला नंबराचा शिक्का मारायचे, तो शिक्का झिजलेला, शेवटचं शून्य भरून गोल काळं व्हायचं, आणि तपासणीवाले तो रंगाचा डाग समजून अख्खा लॉट बाजूला काढायचे. प्रिंटरचंही आलं. जुन्या टेबलाचा एक पाय आखूड होता, प्रिंटर सलग छापू लागला की टेबल चालत चालत भिंतीला जायचं आणि प्लग निघायचा, म्हणून त्याला ओळीओळीला थांबवलेलं. एकेक कारण यायचं आणि त्याच्याबरोबर केदारचं ते मान वाकडी करून हसणंही यायचं. अरुणा केदारपेक्षाही चांगली 'का' विचारते असं माझ्या लक्षात आलं, कारण थोड्या वेळाने तिने बाथरूमचा नळ अजून का गळतो हेही विचारलं.

देसाईसाहेब खूश झाले. पण त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. शिक्के अजून तसलेच आहेत, होय. टेबल? टेबल कधीच बदललं होतं. म्हणजे नाही. मग ते थांबणं काढून टाका, म्हणाले. मी काढलं. प्रिंटर न थांबता सरळ खाली धावत गेला, चलान झटक्यात बाहेर आलं, खात्यातले सगळे वाहवा म्हणाले. मला मात्र दिवसभर काही गोड लागलं नाही.

उरला शनिवार. त्यासाठी मी हिंचक्यावर संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या. अरुणा "का, का" करून दमली. काहीच येईना, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की येणार तरी कुठून, हे आमचं हिंचक्यावर ठरलंच नव्हतं. तिथली 'आपलं ठरलंय तसं' ही टीप केदारने आपल्या मनाने ठोकून दिलेली होती. मी एकदा त्याला विचारलंही होतं, तर म्हणाला, असू दे रे.

"मग विचारा ना त्यांनाच," अरुणा म्हणाली. मी कडीचं लिंबू नीट करू लागलो. "हिंचका टांगलात, ग्रीस पुसलंत, अर्जात भूकंप आणलात. फोन तेवढा करवत नाही?"

करवत नव्हता हो. हिंचक्याचा हा सगळा उपद्व्याप मी तो फोन टाळायलाच मांडला होता, हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं बहुतेक. पण तपासणी तोंडावर आली होती. मी खालच्या एसटीडी-आयएसडी बूथमध्ये गेलो, काचेचं दार लावून घेतलं आणि नंबर फिरवला.

केदारने उचलला. इंग्रजीत बोलू लागला. मी म्हटलं, अरे केदार, कसा आहेस? तो बोलतच राहिला. मी थांबलो, त्याला पुरं करू दिलं, आपल्याकडून उद्धटपणा नको. मग एक टुंईं झालं आणि पलीकडे शांतता. मी पुन्हा विचारलं, कसा आहेस? उत्तर नाही. मला वाटलं, त्याला भरून आलं असेल. मी म्हटलं, असू दे, सावकाश बोल. समोर लाल आकडे पळत होते, बूथवाला काचेतून बघत होता, आणि मी शांततेशी बोलत होतो. शेवटी एवढंच म्हटलं की शनिवारचं कारण काय होतं ते सांग, फार अडलंय. वर आल्यावर अरुणाने सांगितलं की ते यंत्र असतं, निरोप घेणारं. नाव सांगितलंत ना तुमचं, तिने विचारलं. नाव मी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी पाच वाजता पलसाण्याहून निघालो, घरी आलो, चहा झाला, आणि फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"अरविंद," पलीकडून आवाज आला, "नाव तरी सांगायचंस."

मी घाईघाईने सगळं सांगितलं. तक्ता, तपासणी, शनिवार. तो ऐकत होता की नाही कळेना, मागे कुठेतरी भांडी वाजत होती. म्हणाला, कुठला प्रोग्राम? पलसाण्याचा? तो अजून चालतो? आणि मग हसून, अगदी चांगल्या मनाने म्हणाला की सोड रे, नवं पॅकेज घेऊन टाक, जुन्यात काय ठेवलंय. त्याला काही आठवत नव्हतं. मी फोनची तार बोटाला गुंडाळत उभा राहिलो. इतकं दुखेल असं मला वाटलं नव्हतं.

अरुणा माझ्या तोंडाकडे बघत होती. ती उठून गॅलरीत गेली आणि हिंचक्यावर बसली. तिने पायाने रेटा दिला. कुर्र. परत मागे. कुर्र.

केदार बोलता बोलता थांबला.

"तो हिंचको आहे का?"

"हो."

"तेल नाही घातलंस?"

"घातलं होतं. पुसून काढलं."

पलीकडची भांडी वाजायची थांबली. बराच वेळ नुसती कुरकुर चालली होती, सुरतेहून न्यू जर्सीपर्यंत. मग तो म्हणाला, "शेठ तुला सोडायचाच नाही शनिवारी. मी सचिनहून येऊन वहिनींशी हवापाण्याचं बोलत बसायचो, आणि तू उगवायचास आठला. म्हणून पाचला बंद करून टाकला. शेठला सांगितलं मशीन तापतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, हे काय कारण झालं?"

खरंच म्हणालो असतो. मग कुणीतरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, परत करतो, आणि फोन बंद झाला. अजून काही आलेला नाही. येईल.

तपासणीच्या आदल्या दिवशी देसाईसाहेबांनी तक्ता तपासला. सगळे रकाने भरले होते, प्रोग्राम राहणार होता. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. तिथे मी लिहिलं होतं : शनिवारी मित्र घरी येऊन वाट पाहत बसतो, सबनीस यांना वेळेवर निघता यावे म्हणून. त्यांनी ते दोनदा वाचलं. कारण आहे, म्हणाले, चालेल. शेठना मात्र मशीन तापतं असंच राहू द्या, फुलाची सवय झालीय त्यांना. मग त्यांचं पेन तिसऱ्या रकान्याकडे सरकलं. तो मी कोरा ठेवला होता.

"अरविंदभाई," ते मऊ आवाजात म्हणाले, "केदारभाई तर अमेरिकेत ना? मग इथे 'नाही' लिहू?"

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, होय.